काचेच्या जागी फिल्म : बिनरंगी पॉलिइमाइडची गोष्ट



गेल्या दिवाळीत माझी भाची इंदूरहून आमच्याकडे बडोद्याला आली होती. नववीत आहे. चांद्रयान-3 च्या लँडरचा फोटो मोबाइलवर मोठा करून तिनं विचारलं, "मामा, याला खरंच सोन्याचा पत्रा लावलाय का?"

मी म्हटलं, "सोनं नाही गं ते. प्लास्टिक आहे."

तिचा विश्वास बसेना. मग मी आतून एक डबा आणला आणि त्यातून पोस्टकार्डाएवढा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. पातळ, कुरकुरीत आवाज करणारा, रंगानं थेट आंबापोळीसारखा. म्हटलं, "ही पॉलिइमाइडची फिल्म. हिच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. ॲल्युमिनियमची चांदी या पिवळ्या फिल्ममधून बघितली की सोनं दिसतं. असे अनेक थर एकावर एक ठेवून उपग्रहासाठी गोधडी शिवतात." चंद्रावर दिवसा तापमान 100 अंशांच्या वर जातं आणि रात्री उणे 100 च्याही खूप खाली उतरतं. तिथे टिकणारी गोधडी साध्या प्लास्टिकची शिवून चालत नाही.

तिनं तो तुकडा दुमडला, पुन्हा उलगडला. तुटला नाही, फाटला नाही. मग म्हणाली, "मग मोबाइलचा स्क्रीन याचाच का नाही करत? पडला तरी फुटणार नाही."

मंडळी, या प्रश्नात मी नोकरीतली अकरा वर्षं घालवली आहेत. आजच्या भागात त्याचं उत्तर देतो. रसायनशास्त्र सुटून किती वर्षं झाली, याची चिंता करू नका. आंबापोळी आणि सुरळीची वडी माहीत असली तरी पुरे.

काच काय काय करते

आधी काचेचं कौतुक करू. मोबाइलचा किंवा टीव्हीचा पडदा करायचा म्हणजे एका सपाट पाट्यावर लाखो अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर बसवायचे. ते थंडगार खोलीत बसत नाहीत. पाटा 300 अंशांच्या वर तापवावा लागतो आणि काही प्रकारच्या पडद्यांसाठी 450 अंशांपर्यंत न्यावा लागतो. काच हे सगळं निमूट सोसते. ती पारदर्शक आहे, तापली तरी मऊ पडत नाही आणि जवळजवळ फुगत नाही. तिचे दोष दोन: वाकवली की मोडते आणि वजनाला जड असते.

आता आपल्या ओळखीची पारदर्शक प्लास्टिकं बघा. पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. तिच्यात उकळता चहा ओतला तर काय होतं, हे तुम्ही कधीतरी पाहिलंच असेल. ती आकसते, वेडीवाकडी होते, कारण पेट 80 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. दुकानांच्या पाट्यांचं ॲक्रिलिक 105 च्या आसपास आणि हेल्मेटच्या काचेचं पॉलिकार्बोनेट 150 च्या आसपास मऊ पडतं. आपल्याला 300 च्या वर जायचंय. म्हणजे ही तिन्ही दारातच बाद.

उरलं पॉलिइमाइड. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं त्याची फिल्म 'कॅप्टॉन' या नावानं बाजारात आणली. उणे 269 अंशांपासून अधिक 400 अंशांपर्यंत ती चालते. उष्णतेचा प्रश्न मिटला. पण ती पिवळी आहे, आणि पिवळ्या काचेतून कुणी फोटो बघणार नाही.

म्हणजे अटी तीन झाल्या. एक, पाण्यासारखी पारदर्शक हवी. दोन, 300 अंशांच्या वर टिकायला हवी. आणि तिसरी, जी मीही पहिल्यांदा हलक्यात घेतली होती: तापल्यावर फार फुगता कामा नये.

फुगण्याचा हिशोब

गावाकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? लाकडी चाकापेक्षा लोखंडी कडं मुद्दाम किंचित लहान करतात. ते जाळात लालभडक तापवतात, तापलं की ते मोठं होतं, मग पटकन चाकावर बसवून वरून पाणी ओततात. कडं आकसतं आणि चाकाला असं आवळतं की वर्षानुवर्षं निघत नाही. तापल्यावर पदार्थ फुगतो, निवल्यावर आकसतो, आणि त्या आकसण्यात मोठी ताकद असते.

हे मोजायची एक सोपी रीत सांगतो. एक मीटर लांबीची पट्टी घ्या आणि एक अंशानं तापवा. ती किती मायक्रॉन वाढली, तो तिचा प्रसरणांक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पोलादाचा आकडा साधारण 12, तांब्याचा 17, पडद्यासाठी वापरतात त्या खास काचेचा 3 च्या आसपास, सिलिकॉनचा त्याहूनही कमी. आणि नेहमीच्या पारदर्शक प्लास्टिकांचा? 60 ते 70.

आता 30 सेंटिमीटर रुंदीचा पडदा धरा आणि तो 300 अंशांनी तापवा. काच वाढेल 0.27 मिलिमीटर. 60 प्रसरणांकाची फिल्म मोकळी ठेवली तर वाढेल 5.4 मिलिमीटर. पाच मिलिमीटरचा फरक! आणि ज्या तारा आपल्याला तिच्यावर आखायच्यात, त्यांची रुंदी असते काही मायक्रॉन. एक थर आखून झाला की दुसरा बरोबर त्याच्यावर बसायला हवा. खालची जमीनच सरकत असेल तर बसणार कसा?

दुसरी अडचण याहून मोठी. घरातल्या जुन्या इस्त्रीत 'टक' असा आवाज येतो ना, तो एका दुहेरी पट्टीचा असतो. कमी फुगणारा आणि जास्त फुगणारा असे दोन धातू एकमेकांना चिकटवलेले. तापलं की एक जास्त वाढतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते. इस्त्रीत हे वाकणं कामाचं आहे. पण जास्त फुगणाऱ्या फिल्मवर कमी फुगणारा थर बसवला की तुमचा पडदाही तशीच दुहेरी पट्टी होतो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला कसं कळलं, ते पुढे सांगतो.

पिवळेपणा येतो कुठून

पॉलिइमाइड दोन प्रकारच्या रेणूंपासून बनतं. एकाला म्हणतात डायअमाइन, दुसऱ्याला डायॲनहायड्राइड. नावं विसरलात तरी चालेल. स्वभाव लक्षात ठेवा. पहिला दाता आहे, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन सढळ असतात. दुसरा याचक, तो इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला टपलेला. हे दोघे एकाआड एक हात धरून लांब साखळी करतात.

फिल्म करण्याची रीत तुम्हाला घरातच सापडेल. आंबापोळी करताना आटवलेला रस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरतात, उन्हात वाळवतात आणि वाळली की सोलून काढतात. आमचंही तेच. द्रावकात दोघांची साखळी जोडली की मधासारखा दाट द्रव तयार होतो. त्याला पॉलिॲमिक आम्ल म्हणतात. तो काचेवर पसरायचा, द्रावक उडवून लावायचा आणि मग हळूहळू 300 अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर तापवायचा. तापताना साखळीतून पाण्याचे रेणू निघून जातात, कड्या बंद होतात आणि पॉलिइमाइड तयार होतं.

आता या साखळ्या एकमेकींना खेटून बसल्या की दाता आणि याचक शेजारी येतात, आणि साखळीत तर ते हात धरूनच उभे असतात. प्रकाशाचा निळा भाग पडला की इलेक्ट्रॉन दात्याकडून याचकाकडे उडी मारतो, आणि त्या उडीसाठी निळा प्रकाश खर्ची पडतो. पांढऱ्यातून निळा गेला की मागे पिवळा उरतो. आंबापोळीचा रंग आला तो असा.

मग उपाय सोपा वाटतो ना? दाता-याचकांना एकमेकांपासून लांब ठेवा. साखळीत मध्येच एक कोपर घाला, म्हणजे साखळ्या वेड्यावाकड्या होतील, खेटून बसणार नाहीत, रंग जाईल. 1980 च्या दशकात अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रातल्या संशोधकांनी अवकाशात वापरण्यासाठी जवळजवळ रंगहीन पॉलिइमाइड बनवली, ती याच मार्गानं. याचकाच्या मधोमध फ्लोरिनचे सहा अणू असलेला एक जाडजूड सांधा असतो. तो साखळीला कोपरासारखा वाकवतो आणि शेजारणीला जवळ येऊ देत नाही. फिल्म स्वच्छ होते, तापमानही 300 च्या वर झेपतं.

दोन अटी पूर्ण. मीही इथेच फसलो.

खांडवी

गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. आमच्या प्रयोगशाळेत याच जातीची फिल्म आम्ही तयार केली. काय दिसायची म्हणून सांगू! खाली गुजराती पेपर ठेवून मी वरिष्ठांना फिल्ममधून बातमी वाचून दाखवली होती. फिल्म आहे हे सांगावं लागायचं. कौतुक झालं, चहा-फाफडा झाला, एका मोठ्या ग्राहकाला नमुने पाठवायचं ठरलं.

आमच्या गटात एक मुलगी नवीन होती, वर्षाच्या करारावर आलेली. ती म्हणाली, "सर, पाठवायच्या आधी प्रसरण मोजून घेऊ या का?" त्यासाठी एक यंत्र असतं. फिल्मची अरुंद पट्टी अगदी हलक्या ताणावर टांगायची, सावकाश तापवायची आणि ती किती लांबते ते बघायचं. एका दिवसाचं काम. मी म्हटलं, "करू गं नंतर. आधी हे जाऊ दे." तापमान झेपतंय, स्वच्छ दिसतेय, यातच मी खूश होतो.

दोन महिन्यांनी ग्राहकाकडून खोका परत आला. त्यांनी फिल्मवर वीजवाहक पारदर्शक थर चढवला होता, इंडियम टिन ऑक्साइडचा. तो चढवतात गरम असताना, आणि त्याचा प्रसरणांक असतो 10 च्या आत. आमच्या फिल्मचा 50 ते 60 च्या घरात. थर बसला तेव्हा सगळं सपाट होतं. निवताना फिल्म जोरात आकसली, वरचा थर तितका आकसेना, आणि इस्त्रीतल्या पट्टीसारखी फिल्म वाकत गेली. आम्ही खोका उघडला तर आत एकही पत्रा नव्हता, नुसत्या सुरळ्या होत्या. आमचे जुने तंत्रज्ञ डोकावून म्हणाले, "साहेब, आ तो खांडवी थई गई!" आपण जिला सुरळीची वडी म्हणतो ती इथे खांडवी. सगळे हसले. मीही हसलो. मग एक सुरळी उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. थराला सुरकुत्या पडल्या होत्या, आणि पुन्हा तापवल्यावर जिथे ताण आला होता तिथे भेगा.

काम थांबलं. करारावरच्या दोघांची मुदत वाढवली गेली नाही. त्यांतली एक ती मुलगी. मोजायला तिनं सांगितलं होतं आणि ते मी पुढे ढकललं होतं, हे मी लेखी दिलं. पण तोपर्यंत निर्णय झालेला होता. ती आज दुसरीकडे याच क्षेत्रात चांगलं काम करते, आमचं बोलणं असतं. तरी त्या एका दिवसाच्या मोजणीची आठवण मला अजून टोचते, म्हणून हा भाग करताना ती वगळायची नाही असं मी ठरवलं होतं.

कडब्याची पेंडी

आता मूळ प्रश्न. कोपर घातल्यावर फुगणं वाढतं का?

ज्वारीचा कडबा डोळ्यांसमोर आणा. सरळ ताटं अंगणात पसरली आणि वरून दाबली तर सगळी आडवी, जमिनीला समांतर बसतात. आता त्याऐवजी लोकरीचा गुंता टाका. कितीही दाबा, धागे सगळ्या दिशांना जातात.

रेणूची साखळी तिच्या लांबीच्या दिशेनं फारच कमी फुगते, कारण तिथे अणू भक्कम बंधांनी जोडलेले असतात. दोन साखळ्यांच्या मध्ये मात्र ढिली पकड असते, म्हणून त्या दिशेनं ती भरपूर फुगते. काचेवर वाळताना फिल्म खालून चिकटलेली असते. लांबी-रुंदीत तिला आकसता येत नाही, फक्त जाडीत बसत जाते. साखळ्या कडब्यासारख्या सरळ असतील तर त्या आपोआप आडव्या होतात. मग फिल्मच्या पातळीत प्रसरण कमी होतं आणि उरलेलं सगळं जाडीच्या दिशेला ढकललं जातं. काही मायक्रॉनच्या जाडीत ते कुणाला जाणवतही नाही. सरळ, ताठ साखळ्यांचं पिवळं पॉलिइमाइड 10 ते 20 पर्यंत उतरतं ते यामुळेच.

पण साखळी कोपरात वाकलेली असेल तर ती लोकरीचा गुंता होते आणि प्रसरणांक 50-60 वर चढतो.

अडचण नीट बघा. साखळ्या सरळ आणि दाट बसल्या तर फुगणं कमी, पण रंग पिवळा. वाकड्या आणि विरळ बसल्या तर रंग नाही, पण फुगणं जास्त. एक धरायला गेलं की दुसरं सुटतं, कारण दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: साखळ्या किती सरळ आणि किती जवळ बसतात. माझी चूक एका मोजणीपुरती नव्हती. मी ज्या गुणाचं कौतुक करत होतो, त्याच गुणानं फिल्मची सुरळी केली होती.

सरळ, पण पीळ दिलेली

यावरचा उपाय मला फार आवडतो. कागदाच्या लांब, सपाट पट्ट्या घ्या. एकावर एक रचल्या तर घट्ट गठ्ठा होतो. आता प्रत्येक पट्टीला एकेक पीळ द्या. पट्टी अजूनही सरळच आहे, कुठे कोपर नाही. पण आता गठ्ठा घट्ट बसत नाही, कारण सपाट पाठीला सपाट पाठ लागतच नाही.

दाता रेणूंमध्ये असा एक आहे. त्याचं छोटं नाव टीएफएमबी. यात दोन षट्कोनी कड्या एका ओळीत जोडलेल्या असतात आणि जोडाशेजारी दोन्ही कड्यांवर फ्लोरिनचा एकेक झुपका असतो. हे दोन झुपके एकमेकांना नडतात, म्हणून दोन्ही कड्या एका पातळीत न राहता पिळल्या जातात. साखळी कडब्यासारखी सरळ राहते, म्हणून आडवी बसते. पण पिळामुळे इलेक्ट्रॉनची वाट तुटते आणि शेजारीण खेटून बसत नाही. शिवाय फ्लोरिन स्वतः इलेक्ट्रॉन ओढून धरतो, म्हणून दात्याचा हातही आखडतो.

याचकाच्या बाजूनं दुसरी युक्ती. त्याची षट्कोनी सुगंधी कडी काढून तिथे चार कार्बनांची साधी कडी बसवायची. ही कडी ताठ आहे, साखळीला फार वाकवत नाही, पण इलेक्ट्रॉन मागण्याची तिची ताकद अगदी थोडी. याचक असा मवाळ झाला की निळा प्रकाश खर्ची पडत नाही. या दोघांच्या जोडीतून स्वच्छ आणि 20 च्या आसपास प्रसरणांकाची फिल्म मिळते. जपानमधल्या तोहो विद्यापीठातले मासातोशी हासेगावा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं नेमक्या याच प्रश्नामागे आहेत. कुठली जोडी सरळ राहते आणि कुठली रंग धरते, याचा नकाशा त्यांच्या कामामुळे आमच्यासारख्यांना मिळाला. काही जण साखळीत अमाइडचे दुवेही घालतात. नायलॉनमध्ये असतात तेच. त्यांचे हायड्रोजन बंध शेजारच्या साखळीला हलकेच धरून ठेवतात आणि फुगणं आणखी कमी होतं.

आमच्या कंपनीची नेमकी कृती मी इथे सांगू शकत नाही. पण दुसऱ्या वेळी आम्ही या वाटेनं गेलो, आणि पहिल्या दिवसापासून पारदर्शकता आणि प्रसरण एकाच तक्त्यात लिहिलं.

पावसाळा, हवा आणि जाडी

रेणू हुशार निवडला म्हणजे फिल्म झाली, असं नाही. तीन धडे आम्ही प्रयोगशाळेतच शिकलो.

पहिला पावसाळ्याचा. डायॲनहायड्राइडला पाण्याचं वावडं. हवेतला दमटपणा लागला की त्याचा हात आधीच भरतो आणि तो साखळीत जोडला जात नाही. दाता आणि याचक अगदी एकास एक हवेत. एकाचं प्रमाण 1 टक्क्यानं कमी पडलं तर साखळीची सरासरी लांबी 200 दुव्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात त्याच्याही आधी थांबते. फिल्म ठिसूळ होते, सोलतानाच फाटते. जून ते सप्टेंबर आमच्या फिल्म का फाटतात, हे कळायला आम्हाला एक आख्खा पावसाळा लागला. नंतर याचक ओव्हनमध्ये वाळवून, कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत वजन करायची शिस्त लावली.

दुसरा धडा हवेचा. साखळीच्या टोकाला उरलेले अमाइन तापवताना ऑक्सिजनला भेटले की पिवळे-तपकिरी होतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं, तसंच समजा. म्हणून भट्टीत नायट्रोजन हवा, आणि दाता रेणू आधीच अगदी शुद्ध करून घ्यायला हवा. रंगाचं सगळं खापर रेणूच्या रचनेवर फोडण्याआधी भट्टीची गळती तपासायची.

तिसरा धडा जाडीचा. पातळ फिल्ममध्ये साखळ्या छान आडव्या बसतात. जाडी वाढवली की द्रावक आत अडकून राहतो, वरच्या साखळ्यांना काचेची पकड तितकी जाणवत नाही, आणि प्रसरणांक वर चढतो. पातळ नमुन्याचा आकडा जाड फिल्मसाठी सांगू नये. मोजायचं ते ग्राहकाला हव्या त्याच जाडीत.

आणि पारदर्शकता 100 टक्के का होत नाही, असं कुणी विचारलं तर: प्रकाश फिल्ममध्ये शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही पृष्ठभागांवर थोडा परत फिरतो. त्यातच 8 ते 9 टक्के जातात. म्हणून 90 च्या आसपासचा आकडा आला की आम्ही समाधानी असतो.

हिशोबाची दुसरी बाजू

साखळ्या आडव्या बसवल्याची किंमतही मोजावी लागते. अशा फिल्ममध्ये प्रकाश पातळीच्या दिशेनं एका वेगानं जातो आणि जाडीच्या दिशेनं दुसऱ्या. त्यामुळे काही प्रकारच्या पडद्यांवर तिरकं पाहिलं की रंगांच्या छटा दिसतात. हे दुरुस्त करायला आणखी एक थर लागतो.

दुसरा प्रश्न फ्लोरिनचा. फ्लोरिनचे असे झुपके असलेले पदार्थ निसर्गात सहज विघटित होत नाहीत. 2023 मध्ये युरोपात या संपूर्ण कुळावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला. त्यामुळे फ्लोरिन न वापरता, फक्त साध्या कड्यांच्या आणि पिळाच्या जोरावर हे जमेल का, यावर आता बरंच काम चाललंय. तिथे वेगळी अडचण येते. दाताच जर बिनसुगंधी घेतला तर तो पॉलिॲमिक आम्लाशी क्षार करून बसतो आणि भांड्यात घट्ट गोळा होतो. शिवाय अशा साखळ्या जास्त तापमानाला तितक्या टिकत नाहीत.

तिसरी बाजू काचेची. तीही गप्प बसलेली नाही. 2019 मध्ये घडी घालायचे सुरुवातीचे फोन बाजारात आले, तेव्हा त्यांच्या पडद्यावरचं आवरण बिनरंगी पॉलिइमाइडचं होतं. ते वाकायचं छान, पण त्यावर ओरखडे लवकर उठायचे. 2020 मध्ये सुमारे 30 मायक्रॉन जाडीची, वाकणारी काच आली आणि ती जागा बरीचशी तिनं घेतली. तीवरही ओरखड्यांपासून वाचवायला प्लास्टिकचा थर चढवतात, हा भाग वेगळा!

म्हणजे पॉलिइमाइड हरलं का? नाही. वाकणाऱ्या पडद्यात ट्रान्झिस्टर ज्या जमिनीवर उभे असतात ती बहुधा पिवळ्या पॉलिइमाइडचीच असते. काचेवर फिल्म ओतायची, तिच्यावर सगळी मांडणी करायची आणि शेवटी काचेच्या मागून लेझर मारून ती सोडवायची. तिथे पिवळा रंग चालतो, कारण उजेड वरच्या बाजूनं बाहेर पडतो. पण पडद्याच्या मागे कॅमेरा लपवायचा असेल किंवा आरपार दिसणारा पडदा करायचा असेल, तर जमीनसुद्धा स्वच्छ हवी, 300 च्या वर टिकायला हवी आणि फुगायला नको. आपल्या तिन्ही अटी तिथे पुन्हा एकत्र येतात.

भाचीला काय सांगितलं

हे सगळं तिला एका बैठकीत कुठून सांगणार? मी डब्यातून आणखी दोन तुकडे काढले. एक परत आलेल्या खोक्यातली सुरळी, अजून जपून ठेवलेली. दुसरा नंतरचा: स्वच्छ, आणि थर चढवूनही टेबलावर सपाट पडून राहणारा. पिवळा तुकडा, सुरळी आणि सपाट तुकडा तिच्यापुढे ओळीनं मांडले आणि म्हटलं, "पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत यायला माणसांना पन्नासेक वर्षं लागली. त्यातली ही मधली चूक माझी."

तिनं सुरळी उचलली, डोळ्याला दुर्बिणीसारखी लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण मामा, यातून तर एकदम स्वच्छ दिसतंय!"

खरंच दिसत होतं. तेव्हा मलाही तेवढंच दिसलं होतं.

तुमच्या घरी फिल्मचा कुठलाही नमुना असेल, पुडक्याचा, फाइलचा, जुन्या एक्स-रेचा, तर त्याकडे या तीन प्रश्नांनी बघा: प्रकाश किती सोडतो, ताप किती सोसतो, तापल्यावर किती फुगतो. तिन्हींची उत्तरं एकदम चांगली देणारा पदार्थ किती दुर्मीळ आहे, ते लक्षात येईल.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.